रोहिणीतला पावशा आणि सावद्याचा दयाळ

पहाटे पाचला सावद्याच्या स्टँडवर उतरले. उजाडायचं होतं, पण केळीचे ट्रक रस्त्याला लागले होते आणि मधूनच एखादा ट्रॅक्टर धडधडत जात होता. विजेच्या तारेवर बसलेला एक दयाळ त्या घरघराटात जीव तोडून गात होता. मी फोन काढला. माझ्या ॲपमध्ये आवाज टिपताना त्याचं चित्रही उमटत जातं, खालचे सूर तळाशी आणि वरचे सूर वर. तळाशी ट्रकांचा जाड काळा पट्टा होता आणि त्याच्या वर दयाळाच्या बारीक, वळणदार रेघा.

वाहनांचा आवाज बहुतेक 2000 हर्ट्झच्या खाली असतो. त्यात आपलं गाणं बुडू नये म्हणून पक्षी काय करतात, याचा माग संशोधकांनी घेतला आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की गोंगाटाच्या भागातले टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर वर नेतात. बर्लिनचे नाइटिंगेल तर सरळ आवाज चढवतात, सुट्टीच्या सकाळपेक्षा कामाच्या दिवशी जास्त. आणि 2020 च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को थंडावलं, तेव्हा तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या हळू आवाजात आणि खालच्या सुरात गाऊ लागल्या. त्याच उन्हाळ्यात जळगावात आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा दयाळ नीट ऐकला होता. तेव्हापासून हे वेड लागलंय.

सावद्याहून खिरोद्याची बस मिळाली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोर सातपुडा, अजून निळाच. मैत्रिणीचे वडील, आबा, फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांच्या मळ्यात मुक्काम. दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन जी झोप लागली, ती पावशाने मोडली.

रोहिणी लागून चार दिवस झाले होते. बांधावरच्या निंबातून तो ओरडत होता: पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. प्रत्येक वेळी एक पायरी वर, इतकं वर की आता गळा फाटेल असं वाटावं, आणि तिथेच एकदम थांबायचा. मग पुन्हा तळापासून. हाच पक्षी हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ विचारतो आणि बंगालीत ‘चोख गेलो’, डोळा गेला, म्हणून रडतो. आपण शेतकऱ्यांची माणसं, आपल्याला पेरणीच ऐकू येते.

“आबा, पावशाची मादी अंडी कुठे घालते माहितीये?”

“सातभाईच्या घरट्यात. अंडंबी निळंच, त्याहीच्यासारखं.”

त्यांना माहीत होतं! मला ते वाचून कळलं होतं.

म्हणजे पावशाचं पिल्लू सातभाईंच्या कलकलाटात वाढतं. आई-बापाचं तोंड पाहत नाही. तरी मोठं झाल्यावर बोलतं ते पावशाचंच. कोकिळाचंही तेच, वाढतो कावळ्याच्या घरी. कोकिळाच्या कुळात, घुबडांत, पारव्यांत आवाज जन्मतःच ठरलेला असतो. दयाळाचं कूळ वेगळं. गाणाऱ्या पक्ष्यांना गाणं शिकावं लागतं, आणि ही शिकण्याची गरज त्यांच्याखेरीज पक्ष्यांमध्ये मुख्यतः पोपटांत आणि गुंजन पक्ष्यांत (हमिंगबर्ड) सापडली आहे. केंब्रिजला विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती गायली, पण ओबडधोबड, शेवटची तान नसलेलं. अमेरिकेत पीटर मार्लर यांना दिसलं की त्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच जातीच्या चिमण्या गाणं शिकतात ते साधारण 10 ते 50 दिवसांच्या वयात. ऐकलेलं तेव्हा मनात साठतं, गळ्यातून बाहेर यायला पुढे महिने लागतात. मासाकाझू कोनिशी यांचा प्रयोग वाचताना मला त्रास झाला होता. ऐकून ठेवलेलं गळ्यावर बसवायच्या आधीच पक्षी बहिरे केले, तर त्यांचं गाणं विस्कटून जातं. पक्ष्याला स्वतःचा आवाजही ऐकावा लागतो.

हे सगळं मी आबांना सांगितलं. ठिबकची नळी हातात धरून ते ऐकत राहिले. “मंग पावशाले कोन शिकवतं?”

“कोणीच नाही.”

“पोटातूनच शिकून येतो म्हन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पालचा घाट चढलो. यावल अभयारण्याचं जंगल मे महिन्यात निष्पर्ण असतं, साग तर पार उघडा. फक्त सुकी नदीच्या कडेला हिरवळ. हवा गार आणि थांबलेली होती. तिथे एका उंबरावर दयाळ सापडला. फोनवर तळाचा काळा पट्टा नव्हताच. रेघा निवांत खाली उतरत होत्या, दोन ओळींमध्ये लांब मोकळी जागा होती. सावद्याच्या दयाळाला मी अशी जागा सोडताना ऐकलं नव्हतं. दोन पक्ष्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. एका दयाळाकडे कितीतरी ओळी असतात, वेळ वेगळी, दिवस वेगळा. तरी ती दोन चित्रं शेजारी ठेवून मी बराच वेळ दगडावर बसून राहिले.

परत मळ्यात आलो तर विहिरीपाशी सातभाईंचा गोंधळ चालला होता. सहा-सात जण पाचोळा उलथत होते आणि त्यांच्या मागे त्यांच्याहून थोराड, शिक्र्यासारखं पट्टेरी एक पिल्लू चोच वासून फिरत होतं. एका सातभाईने त्याच्या तोंडात अळी कोंबली. त्याची चोच मिटली नाही, लगेच दुसऱ्याकडे वळलं. आबांनी मला कोपराने खुणावलं. मी रेकॉर्डिंग चालू केलं. बारा मिनिटं, सगळा सातभाईंचा कलकलाट.

“हा आता काही बोलत नाही,” आबा हळूच म्हणाले. “पुढच्या वर्सी ये, रोहिणीत.”