रोड, रोड, रोड!

नाशिकच्या शालिमार चौकात रिक्षावाला "रोड, रोड, रोड!" असं ओरडायला लागला की बाहेरगावचा माणूस बावचळतो. रोड तर पायाखालीच आहे, हा आणखी कुठल्या रोडला नेणार? इंग्रजांची रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटरवरून गेली, म्हणून स्टेशनाचं नाव पडलं नाशिक रोड. इथं उतरा, पुढं नाशिकचा रस्ता धरा, एवढाच त्याचा अर्थ. स्टेशनाभोवती वस्ती वाढली आणि तिनंही तेच नाव लावलं.

नाशिक आणि नाशिक रोडच्या मधल्या वस्तीचं नाव तर त्याहून भारी. उपनगर! बारसं करायला आलेला माणूस बहुधा घाईत असावा. माझी आत्या तिथं राहते. नाशिकच्या द्वारका चौकाकडे निघाली की "नाशिकला जाऊन येते", नाशिक रोडच्या बिटको चौकाकडे निघाली की "रोडला". १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, सगळं एक शहर झालं. आत्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

१८८९ मध्ये याच दोन टोकांना जोडणारी ट्राम सुरू झाली. मेनरोडवरून स्टेशनापर्यंत, आणि ओढायला चार घोडे. ती बंद पडून नव्वदेक वर्षं झाली. संध्याकाळी द्वारकेला अडकलो की मला हटकून ते घोडे आठवतात. वरून उड्डाणपुलावर मुंबई-आग्र्याच्या गाड्या सुसाट चाललेल्या, खाली आम्ही एकमेकांच्या सायलेन्सरचा वास घेत बसलेलो. घोडे एव्हाना स्टेशनात पोचून चंदी खात असते.

परवा रिक्षात मागं तीन जण होतो, चौथ्या मावशी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. "सरक की बाबा, तेवढ्यात बसते मी." बसल्या. गाठोडं माझ्या मांडीवर. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक सीट. या रिक्षांत माणसाला सीटच म्हणतात. काठे गल्ली, विजय-ममता, गांधीनगर करत उपनगर येईपर्यंत माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि मेथीच्या वासाची झाली होती.

बिटकोला उतरलो. या चौकाला काळ्या दंतमंजनाच्या कंपनीचं नाव आहे, म्हणजे नावांची तऱ्हा शेवटपर्यंत तीच. मी शंभराची नोट पुढं केली.

"सुट्टे द्या ना साहेब."

"नाहीत हो."

"सकाळपासून सगळे शंभरच काढतायत. मी कुठून आणू?"

नोटांचा सरकारी छापखाना तिथून हाकेच्या अंतरावर, १९२८ पासून सुरू आहे. आम्ही दोघं मात्र दहा-दहाच्या दोन नोटांसाठी एकमेकांची तोंडं बघत उभे. शेवटी मावशींनी कनवटीची पिशवी सोडली, ओल्या बोटांनी नोटा मोजल्या आणि वर एक जुडी माझ्या हातात कोंबली.

"एवढी घे, मंग हिशेब बरोब्बर."