प्रेमपत्राचं तिकीट

दुपारी जेवण झाल्यावर आडवी होऊन कादंबरी वाचत होते. दोन महायुद्धांच्या मधली, जर्मनीतली. साल 1923. तो बर्लिनला, ती लाइप्झिगला, खिसे दोघांचेही रिकामे. ऑक्टोबरभर तो तिला रोज पत्र लिहितो. विरह झकास रंगवलाय, पण मी अडले भलतीकडेच. याला टपालाची तिकिटं परवडत होती कशी?

खोड जुनी आहे. नायक-नायिका उसासे टाकायला लागले की माझं लक्ष खोलीच्या भाड्याकडे, दुधाच्या बिलाकडे. त्यात 1923 म्हणजे माझा हक्काचा विषय, कारण चौथीत असताना माझ्याकडे त्या सालचं एक जर्मन तिकीट होतं. लालसर, मूळ किंमत 200 मार्क, वर काळ्या शाईत ठोकलेलं '2 मिलियोनेन'. मामेभावाला हंगेरीची दोन तिकोनी 'मग्यार पोस्टा' तिकिटं देऊन मिळवलेलं. वीस लाख! मी घरभर नाचले. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग जा, वाण्याची उधारी तेवढी चुकती करून ये."

तेव्हा जर्मनीत भाव इतक्या वेगाने चढत होते की टपालखातं जुन्याच तिकिटांवर नवे आकडे छापत होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. 1 ऑक्टोबरला देशातल्या देशात साधं पत्र 20 लाख मार्क, म्हणजे माझं एक तिकीट. 1 नोव्हेंबरला 10 कोटी. 12 नोव्हेंबरला 1 हजार कोटी, म्हणजे माझी 5 हजार तिकिटं; पाकीट कुठून आणायचं तेवढं? 15 तारखेला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि 1 डिसेंबरला तेच पत्र जुन्या पैशात 10 हजार कोटींचं, नव्या पैशात 10 फेनिगचं, म्हणजे मार्काच्या दहाव्या हिश्शाचं झालं.

अशा दिवसांत 'उद्या लिहितो' म्हणणारा प्रियकर एक तर श्रीमंत, नाहीतर लबाड. आमच्या लेखकाने मात्र तिकिटाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. चंद्र आहे, धुकं आहे, पोस्टाची खिडकी नाही.

शेवटी उठलेच. माळ्यावरची पेटी खाली घेतली, वही काढली. तिकीट जागच्या जागी, खळीने घट्ट चिकटवलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

त्याच्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता.