कपाटाखाली दबलेली केबल

‘कपाटाला हात लावला की मुंग्या येतात,’ एवढीच तक्रार होती. घरातल्या काकूंनी ती काहीशा संकोचाने सांगितली, कारण इतर कोणाला तसा अनुभव आला नव्हता आणि हा वाताचाच प्रकार असावा, असे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले होते. मुंग्या नेमक्या केव्हा येतात, असे मी विचारले. फरशी पुसताना, असे त्या म्हणाल्या. अनवाणी पाय, ओली फरशी आणि लोखंडी कपाट हे तिन्ही एकत्र ऐकल्यावर मी कोणालाही त्या खोलीत पाऊल टाकू दिले नाही.

टेस्टर कपाटाला लावताच त्यातला दिवा उजळला. मात्र शेजारून जाणाऱ्या तारेच्या नुसत्या प्रभावानेही टेस्टर पेटू शकतो, म्हणून कपाट आणि अर्थिंग यांच्यामध्ये मी टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीसाठीचा साधा बल्ब, जोडला. तो पूर्ण प्रकाशाने लागला, म्हणजे कपाटात खराखुरा फेज, अर्थात जिवंत तारेतला वीजदाब, उतरलेला होता. मेन स्विच बंद केला, प्रवाह थांबल्याची खात्री करून घेतली आणि घरच्यांच्या मदतीने कपाट पुढे ओढले.

मागच्या खोलीतील वॉशिंग मशिनसाठी कोणीतरी एक केबल स्कर्टिंगवरून उघडीच नेलेली होती. क्लिप सुटल्यामुळे ती एके ठिकाणी फरशीवर उतरली होती आणि पुढे खोलीची मांडणी बदलताना कपाटाचा मागचा पाय नेमका तिच्यावर आला होता. पायाची रबरी टोपी केव्हाच निघून गेलेली असल्यामुळे पत्र्याची उघडी कड थेट केबलवर टेकली होती. बाहेरचे आवरण तिथे चपटे होऊन चकाकत होते. बोटाने वाकवल्यावर चीर उघडली आणि आत फेजच्या तांब्याचे काळवंडलेले धागे दिसले, त्यांपैकी काही तुटलेले होते.

कपाट तर पुष्कळ दिवसांपासून तिथेच होते, मग आत्ताच असे का झाले, हा घरच्यांचा प्रश्न रास्त होता. पीव्हीसी हे कडक कवच नव्हे. सततच्या दाबाखाली ते हळूहळू बाजूला सरकते आणि पातळ होत जाते, आणि मशिन चालू असताना तार तापते तेव्हा ते अधिकच मऊ पडते. म्हणून इजा झाली त्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि दोष उघड होतो तेव्हा कारण विस्मरणात गेलेले असते. त्यातच धागे तुटले की उरलेल्या धाग्यांवर सगळा भार येतो आणि ती जागा इतर केबलपेक्षा जास्त तापते. आगीची भीती मला शॉकइतकीच वाटते, ती या जागांमुळे.

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडला नाही, यात त्याचा दोष नव्हता. १६ अँपिअरचा एमसीबी तारेवरचा जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. माणसाच्या जिवावर बेतू शकणारा तीस-पन्नास मिलिअँपिअरचा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्या घरात आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नव्हता. तो बसवायचा तर ३० मिलिअँपिअरचा, हे मी सांगितले, तेव्हा काकूंच्या मुलाने विचारले की मग केबल पाइपात घालण्याची गरजच काय. पण कपाट कोरड्या फरशीवर उभे असताना गळती जवळजवळ होतच नाही, त्यामुळे आरसीसीबी बहुधा कोणीतरी हात लावल्यावरच पडला असता. तो माणसाला वाचवतो, केबलला नाही.

दाराच्या चौकटीपाशी त्याच केबलवर टेपचे जाड वेटोळे होते. टेपने उघडी पडलेली तार झाकली जाते. दाराच्या कडेचा किंवा फर्निचरचा मार तिने अडत नाही, आणि खालची जखम दिसेनाशी होते, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

जुनी केबल पूर्ण काढली. तिला मध्येच जोड देण्याचा आग्रह झाला, तो मी मान्य केला नाही. नवी केबल कठीण पीव्हीसी कॉन्ड्युटमधून, म्हणजे वायरिंगच्या पाइपातून, दाराच्या वरून नेली आणि सॉकेटवर सरळ उभी उतरवली, कारण तार सरळ रेषेत असली की भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला तिचा अंदाज येतो. खालच्या, सामानाचा धक्का लागेल अशा भागात लोखंडी पाइप घेतला, त्याला अर्थिंग दिले, त्याच्या धारदार तोंडावर केबल कापू नये म्हणून बुश, म्हणजे गुळगुळीत कडी, बसवले आणि फेज, न्यूट्रल व अर्थ या तिन्ही तारा त्याच पाइपातून नेल्या. भिंतीच्या आरपार जाणाऱ्या भोकातही पाइपाचा तुकडा घातला, कारण विटेची कड वर्षानुवर्षे केबल घासत राहते.

शेवटी मशिनचा प्लग काढून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन तपासले. किमान १ मेगओहम अपेक्षित असते. वाचन त्याच्या कितीतरी पट वर आले. कपाट परत लावण्यापूर्वी चारही पायांना नव्या रबरी टोप्या बसवून घेतल्या. निघताना बैठकीच्या खोलीतील सतरंजीखालून दिव्याची एक वायर गेलेली दिसली. ती तेव्हाच काढायला लावली, आणि त्या कोपऱ्यात नवा पॉइंट घेण्याचे घरच्यांनी मान्य केले.