एकाच रस्त्याच्या दोन हवा

आज हवेतलं प्रदूषण मोजणारं छोटं मीटर हातात धरून पायी भटकलो. सिग्नलपाशी आकडा चढलेलाच होता, पण दिवा हिरवा झाला आणि सगळ्यांनी एकदम ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा तो अक्षरशः उसळला. एका जुन्या डिझेल ट्रकमागे तर बघवेना. कोपऱ्यावरून आतल्या गल्लीत वळलो, थोडं चाललो, तर आकडा निम्म्याच्या जवळ! मोबाईलवरचं ॲप मात्र दोन्हीकडे तेच रंग दाखवत होतं. दाखवणारच, मोजणारं केंद्र कुठेतरी लांब.

खरं तर पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) त्यातल्या त्यात सगळीकडे पसरणारं. काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यालाच जास्त चिकटून असतात, शे-दोनशे मीटरवर बरेच विरतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की वारा आत शिरून गोल फिरतो आणि धूर तिथेच कोंडतो. मग एकाच रस्त्याच्या दोन फुटपाथांवरही फरक पडतो. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मोजणी करणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली फिरवल्या होत्या. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन चौकांमधल्या पट्ट्यात, प्रदूषणात ५ ते ८ पटींपर्यंत फरक!

(माझं मीटर स्वस्तातलं आहे, दमट हवेत उगाच जास्त दाखवतं. त्यामुळे आकडा टाकत नाही.)

उद्यापासून मी आतल्या गल्लीनेच जाणार, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. तुमच्यापैकी कोणी असं मोजून पाहिलंय का? लहान मुलांच्या बाबागाडीच्या उंचीवर काय येतं, ते बघायचंय.