लॅपटॉपसाठी छोटा बिनतारी माऊस: रोजच्या कामाच्या कसोटीवर

छोटा बिनतारी माऊस घ्यायचा म्हटले की तो लॅपटॉपच्या पिशवीत किती जागा अडवेल, हे लोक आधी पाहतात. हा निकष मी सर्वांत शेवटी लावते. पिशवीत माऊस असतो तो घरून ऑफिसात पोहोचेपर्यंत. त्यानंतर दिवसभर तो हाताखाली असतो, आणि पिशवीत वाचवलेल्या सेंटिमीटरभर जागेची किंमत मनगटाला मोजावी लागते. बडोद्यात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवणे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे माझे काम असल्यामुळे लॅपटॉप कधी दांडिया बाजारातल्या घरी, कधी रावपुऱ्यातल्या ऑफिसात, तर कधी एखाद्या अशिलाच्या दुकानातल्या काउंटरवर उघडावा लागतो. या कामात टाइप करण्यापेक्षा रकाने निवडणे, आकडे ओढून खाली नेणे आणि लांबलचक याद्या सरकवणे अधिक असते, आणि टचपॅडवर ते दिवसभर करणे बोटांना जाचक होते. म्हणून यंदा सयाजीगंजातल्या एका दुकानातून दोन वेगळ्या बांधणीचे छोटे माऊस आणले. एक चपटा आणि ब्लूटूथवर चालणारा, दुसरा उंच पाठीचा आणि यूएसबी रिसीव्हरचा. दोन्ही रोजच्या कामात आलटून पालटून वापरले.

सुरुवात हाताच्या मापापासून करावी. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक प्रौढांमध्ये १७ ते १९ सेंटिमीटरच्या आसपास भरते. माऊसची लांबी या मापाच्या साधारण साठ टक्के असावी, असा एक ढोबळ ठोकताळा जाणकार वापरतात. माझा हात लहान असल्याने १० सेंटिमीटरचा माऊस मला पुरतो. माझ्या दिरांनी तोच हातात घेतला तेव्हा मात्र त्यांची बोटे बटणांच्या पुढे गेली आणि तळहात मागे टेबलावर टेकला. ‘छोटा’ म्हणजे नेमका किती, याचा अंदाज येण्यापुरते सांगते की बाजारात सगळीकडे दिसणारा लॉजिटेकचा एम १८५ साधारण ९९ मिलिमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद आणि ३९ मिलिमीटर उंच आहे.

या तिन्ही मापांत उंचीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या अनुभवाने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. चपट्या माऊसची उंची २६-२७ मिलिमीटर असली की तळव्याच्या खळग्याला खालून आधार मिळत नाही. मग माणूस नकळत मनगट टेबलावर दाबून धरतो आणि बोटे वर उचलून बटणांवर ठेवतो. मनगट असे मागे वाकलेले राहिले की त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब वाढतो. पंधरा मिनिटांत हे जाणवत नाही, परंतु महिन्याच्या २० तारखेच्या आधीचे दिवस, जेव्हा विवरणपत्रांची मुदत जवळ आलेली असते, तेव्हा संध्याकाळी हात सांगतो. उंच पाठीचा माऊस पिशवीच्या पुढच्या सपाट कप्प्यात मावत नाही, चार्जरच्या कप्प्यात ठेवावा लागतो; त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बटणांची परीक्षा दुकानात हवेत टिकटिक करून होत नाही. माझी स्वतःची चाचणी एक्सेलमधली आहे. निवडलेल्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक अगदी लहान चौकोन असतो. कर्सर बरोबर त्याच्यावर नेला की तो बारीक काळ्या अधिक-चिन्हासारखा होतो, आणि तेव्हा बटण दाबून खाली ओढले की सूत्र पुढच्या ओळींत उतरते. बटण कडक असेल आणि माऊस हलका असेल, तर दाबण्याच्या जोरानेच माऊस केसभर सरकतो, कर्सर चौकोनावरून निसटतो आणि सूत्र उतरण्याऐवजी ती चौकट किंवा शेजारची चौकट नुसती निवडली जाते. माझ्याकडच्या चपट्या माऊसच्या बाबतीत हे वारंवार होत असे, कारण त्याची बटणे वरच्या आवरणाचाच एक भाग आहेत आणि मागच्या बाजूला दाबली तर जास्त जोर मागतात. उंच माऊसची बटणे सुटी आहेत आणि कुठेही दाबली तरी सारखीच दबतात. आवाज न करणारी बटणे आता स्वस्त माऊसमध्येही मिळतात. घरात कोणी झोपलेले असताना त्यांचा फार उपयोग होतो, मात्र बटण दबल्याची जाणीव बोटाला होते की नाही, हे ती घेताना आवर्जून पाहावे.

चाकाविषयी फार सांगण्यासारखे नाही. विंडोजमध्ये चाकाच्या एका खाचेला मुळात तीन ओळी सरकतात, आणि खाचा बोटाला स्पष्ट लागल्या तर पाचशे ओळींच्या यादीतही नजर चुकत नाही. दोन्ही माऊस यात चांगले आहेत.

पृष्ठभागाचा विषय मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. जुन्या माऊसमध्ये रबरी गोळी असे आणि तिच्या रुळांवर मळ साचला की कर्सर अडखळे. १९९९ पासून बाजारात रुळलेल्या आजच्या प्रकाशीय माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक अतिशय लहान कॅमेरा असतो. हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो, लागोपाठच्या चित्रांची तुलना करतो आणि माऊस किती व कोणत्या दिशेला सरकला हे काढतो. म्हणजे त्याला पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा, रेषा, तंतू, असे काही तरी दिसावे लागते. साध्या लाकडावर, कागदावर किंवा कापडावर तो उत्तम चालतो. स्वच्छ काचेवर त्याला पाहायला काही मिळत नाही, आणि आपल्याकडच्या सराफांच्या व कापडवाल्यांच्या दुकानांत काउंटर नेमके काचेचे असतात. चकचकीत एकरंगी सनमायक्यावरही कर्सर मधूनच थबकतो किंवा उडी मारतो. काचेवर चालणारे सेन्सर आहेत; लॉजिटेकने तसे तंत्र २००९ मध्ये आणले, पण ते महागड्या माऊसमध्येच आढळते. मी लॅपटॉपच्या पिशवीत जाड पुठ्ठ्याची एक वही ठेवते आणि काचेच्या काउंटरवर माऊस तिच्यावर चालवते. वेगळे पॅड बाळगायची गरज पडत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या डीपीआयच्या आकड्याने भारून जाऊ नये. १००० डीपीआयचा माऊस एक इंच सरकवला की सेन्सर सुमारे हजार पायऱ्या मोजतो, आणि १९२० बिंदू रुंदीचा पडदा या हिशेबाने दोन इंचांच्या आत पार होतो. लॅपटॉपवरच्या हिशेबासाठी किंवा लेखनासाठी याहून अधिक लागत नाही. आकडा वाढवत नेला तर कर्सर हाताच्या बारीकशा थरथरीलाही प्रतिसाद देऊ लागतो, आणि मग तो लहान चौकोन पकडणे आणखी अवघड होते.

जोडणीच्या बाबतीत दोन्ही पद्धती २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी वापरतात, तरी रोजच्या वापरात त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. रिसीव्हर लावला की माऊस लगेच चालतो, पण लॅपटॉपचे एक यूएसबी छिद्र कायमचे अडते, आणि नव्या पातळ लॅपटॉपांत जुन्या आकाराचे छिद्र एखादेच असते. ब्लूटूथ माऊसला छिद्र लागत नाही. मात्र काही वेळ स्वस्थ राहून झोपी गेला की जागा व्हायला तो क्षणभर घेतो. दुकानात ग्राहक समोर उभा असताना तो क्षण मला खटकतो.

रिसीव्हरच्या माऊसची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. अशिलांच्या हिशेबांची प्रत मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. डिस्क रिसीव्हरच्या शेजारच्या छिद्रात लावली आणि प्रत उतरू लागली की कर्सर अडखळत चालायचा, आणि प्रत पूर्ण होताच पुन्हा सुरळीत व्हायचा. माऊस सदोष नव्हता. यूएसबी ३.० वरून वेगाने माहिती जात असताना जोडणी आणि तार यांतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो, आणि शेजारी बसलेल्या चिमुकल्या रिसीव्हरला माऊसचा क्षीण संदेश ऐकू येत नाही. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर तपशीलवार टिपण प्रसिद्ध केले होते. उपाय सोपा आहे: रिसीव्हर आणि डिस्क लॅपटॉपच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना लावावेत, आणि छिद्रे एकाच बाजूला असतील तर रिसीव्हर वीतभर लांबीच्या यूएसबी तारेने दूर न्यावा. दुकानदाराकडे ‘चालत नाही’ म्हणून परत गेलेल्या कितीतरी माऊसचे दुखणे एवढेच असावे, असे मला वाटते.

दुसऱ्यांच्या बँक खात्यांचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी सुरक्षेचाही विचार करावा. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी ‘माऊसजॅक’ या नावाने दाखवून दिले की अनेक कंपन्यांच्या बिनतारी माऊसचे यूएसबी रिसीव्हर दुरूनही फसवता येतात, आणि त्यांच्यामार्फत संगणकावर कळफलकाची बटणे दाबल्यासारखे आदेश पाठवता येतात. ब्लूटूथ माऊसना तो दोष लागू नव्हता. म्हणून रिसीव्हरचा माऊस घेताना निनावी, अगदी स्वस्त माल मी टाळते आणि काम नसताना रिसीव्हर काढून माऊसच्या पोटातल्या कप्प्यात ठेवते. त्यामुळे तो हरवतही नाही.

सेलचा प्रश्न वजनाशी जोडलेला आहे. नेहमीचा पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो आणि रिमोटमधला बारीक सेल त्याच्या निम्मा. छोट्या माऊसचे एकूण वजनच पाऊणशे ग्रॅमच्या घरात असल्यामुळे हा फरक हाताला लगेच कळतो. मला थोडा जड माऊस आवडतो, कारण तो बटण दाबताना जागचा हलत नाही. सेल अल्कलाइन घ्यावा किंवा पुन्हा चार्ज होणारा वापरावा. चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असला तरी बहुतेक माऊस त्यावर नीट चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावा, कारण गळलेल्या सेलचा क्षार आतल्या पत्र्या खाऊन टाकतो.

बडोद्याच्या हवेचा विचार करता आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे. काही माऊसच्या अंगावर मखमली स्पर्शाचा रबरासारखा लेप असतो. तो नवा असताना छान वाटतो, पण उष्णता, घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी त्या लेपाचे विघटन होते आणि काही वर्षांत माऊस चिकट होतो. पुसला तर काळे डाग बोटांना लागतात. साधे, किंचित खरखरीत प्लास्टिक दिसायला सामान्य असले तरी तेच टिकते.

मी उंच पाठीचा माऊस कामासाठी ठेवला. चपटा माझ्या धाकट्या जाऊबाईंना दिला. त्या शाळेत शिकवतात आणि त्यांना तो वर्गात स्लाइड पुढे-मागे करण्यापुरता लागतो, त्या कामाला तो अगदी योग्य आहे. ज्यांना रोज तासन्‌तास काम करायचे आहे त्यांनी आपला लॅपटॉप सोबत घेऊन दुकानात जावे आणि आपल्याच फायलीवर माऊस चालवून पाहावा. बडोद्यातले दुकानदार शांतपणे विचारले तर खोके उघडून देतात. बिल मात्र जपून ठेवावे, कारण छोट्या माऊसमध्ये सर्वांत आधी बिघडते ते डावे बटण: आतल्या स्विचची पत्री झिजली किंवा गंजली की एकदा दाबलेले दोनदा नोंदले जाते, आणि ओढत नेलेली निवड मध्येच सुटते. तसे होऊ लागल्याची शंका आली, तर लांब यादी वरून खालपर्यंत सावकाश ओढून निवडून पाहावी, आणि निवड दोन-तीनदा तुटली तर हमीची मुदत संपण्यापूर्वी माऊस बदलून घ्यावा.