लेहची धावपट्टी आणि मेहर सिंगांची दोन पदके

लेहला जाणारी विमाने बहुधा सकाळीच उतरतात, कारण दुपारनंतर या खोऱ्यातला वारा वैमानिकांना दाद देत नाही. उतरण्यापूर्वी विमान सिंधूच्या खोऱ्यात वळते तेव्हा उघडेबोडके डोंगर पंखांच्याही वर चढलेले दिसतात, आणि पुढे विमान मावेल एवढी जागा आहे की नाही अशी शंका मनात येते. आमच्या विमानातली मंडळी त्या क्षणी एकमेकांना हातांनी बाजूला सारून चित्रफिती काढत होती, याचा मला मनापासून राग आला. राग येण्याचे कारण असे की, याच खोऱ्यात २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिले डकोटा विमान उतरवले होते आणि त्यात मेजर जनरल थिमय्या बसलेले होते.

त्या वेळी काश्मीरची लढाई चालू होती, कारगिल पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या हाती गेले होते, श्रीनगरकडून येणारा रस्ता बंद होता आणि लेहमधली शिबंदी अगदी तोकडी होती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून धावपट्टी तयार करून घेतली होती. पण तिथवर पोहोचण्याच्या हवाई मार्गाचा नकाशा नव्हता. डकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि पंखांवर साचणारा बर्फ वितळवण्याची यंत्रणाही नव्हती, तरीही ते विमान हिमशिखरांवरून न्यायचे होते.

लेहचा विमानतळच सुमारे १०,७०० फुटांवर आहे. पहिल्या दिवशी विश्रांती घ्यावी असे सगळे बजावतात. मीही घेतली, पण ती सुबुद्धी सुचली म्हणून नव्हे, तर अतिथिगृहाचा एक जिना चढून धाप लागल्यावर उठावेसेच वाटेना म्हणून. यजमानीणबाईंनी लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा आग्रहाने पाजला. तो मला मुळीच आवडला नाही, त्यांची माया मात्र आवडली. पहिले विमान आले तेव्हा लोकांनी त्याच्यासमोर चारा आणून टाकला, अशी एक गोष्ट प्रवासी चवीने सांगतात. ती कुणा शहरी माणसाने रचली असावी असा माझा संशय आहे, कारण ज्यांनी दगड वेचून धावपट्टी केली, त्यांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. पुढचे दिवस नुब्रा आणि पँगाँगला गर्दीत गेले. त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

त्या पडून राहिलेल्या दिवशी मी मेहर सिंगांच्या पदकांचा विचार करीत होतो. वायुदलात त्यांना ‘बाबा’ म्हणत. आपल्याकडे ‘मेहेरबाबा’ म्हटले की अहिल्यानगरजवळचे (पूर्वीचे अहमदनगर) मेहेराबाद आठवते, हा निव्वळ योगायोग. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या नेतृत्वाखालील सहाव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशातल्या अराकानच्या जंगलावरून हरिकेन विमानांतून टेहळणी केली आणि जपानी फौजांच्या हालचालींची छायाचित्रे आणली. त्याबद्दल त्यांना १९४४ साली डी.एस.ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे ब्रिटिश पदक मिळाले, भारतीय वायुदलात ते मिळवणारे ते एकटेच. तो पांढऱ्या मिन्याचा क्रूस, निळ्या काठांच्या तांबड्या फितीवर लटकणारा. दुसरे पदक महावीर चक्र, म्हणजे रुपेरी पंचकोनी तारा आणि अर्धी पांढरी, अर्धी केशरी फीत. ते काश्मीरच्या लढाईतल्या कामगिरीसाठी मिळाले, ज्यात लेहबरोबर वेढ्यात सापडलेल्या पूंछमधले उड्डाणही आले. तिथे निर्वासितांनी खणलेल्या आखूड पट्टीवर विमाने उतरवून सैन्याला तोफा पुरवल्या गेल्या. पहिले पदक ब्रिटिश राजाच्या नावाचे आणि दुसरे प्रजासत्ताकाचे, पण दोन्हींमागची सवय एकच: जिथे इतरांना पाठवायचे तिथे आधी स्वतः जाऊन यायचे. मला तरी अराकानपेक्षा लेहचे उड्डाण मोठे वाटते, कारण तिथे शत्रूच्या गोळ्यांआधी विरळ हवेशीच सामना होता.

महावीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. मेहर सिंगांनी मात्र १९४८ मध्येच वायुदलाचा राजीनामा दिला होता. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना त्यांचे छोटे विमान वादळात सापडून कोसळले. त्या वेळी त्यांचे वय ३६ होते.