हतनूरच्या तळाशी साठलेले

पूर्णा तापीला मिळते त्या चांगदेवच्या संगमाखाली, जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाच्या जलाशयात, मार्चच्या अखेरीस पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायला आम्ही होडीतून सेक्की तबकडी सोडली. काळ्या-पांढऱ्या रंगाची, २० सेंटीमीटर व्यासाची ही तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते टिपायचे, एवढेच काम असते. दोरीला वितीवितीवर गाठी मारलेल्या होत्या. तिसरी गाठ भिजली आणि तबकडी हिरवट गढूळ पाण्यात नाहीशी झाली. वल्हे मारणारे आबा म्हणाले, "धरण नवे होते तेव्हा होडीच्या सावलीत फिरणारा मासा दिसायचा."

हा हिरवेपणा शेवाळाचा आहे आणि गोड्या पाण्यात शेवाळ किती वाढेल हे बहुधा ठरते ते फॉस्फरस किती आहे त्यावर. १९७३ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तलावाच्या मधोमध पडदा लावला, दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले आणि फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. तोच भाग हिरवा झाला. आपल्याकडे हा फॉस्फरस सांडपाण्यातून आणि केळी-कपाशीच्या खतांतून येतो, आणि पावसात वाहून जाणाऱ्या मातीच्या कणांना चिकटून जलाशयात उतरतो.

मला अधिक चिंता वाटते ती गाळाची. स्वीडनमधील ट्रुमेन या उथळ तलावात येणारे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद केले, तरी पुढची दहा वर्षे तो सुधारला नाही, कारण तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधला गेलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. १९७० आणि १९७१ मध्ये वरचा गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळले. हतनूरही गाळाने भरत आले आहे. मात्र एवढ्या विस्ताराचा तळ उपसणे ही तलावाएवढी सोपी गोष्ट नाही. म्हणून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून शेतकरी जो गाळ नेतात, त्यातील फॉस्फरस आणि जड धातू आधी तपासले जावेत, असा माझा आग्रह आहे. तपासणीत गाळ निर्दोष ठरला, तर शेतातून वाहून गेलेले खतच शेतात परत जाईल.

पहिला पूर येऊन धरणाचे ४१ दरवाजे उघडू लागण्याआधी, संगमाच्या वर पूर्णेचे आणि तापीचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायचे ठरले आहे. आबांनी होडी देण्याचे कबूल केले आहे.